चंपाषष्ठीचं वांगं

विश्वंभरराव औंढेकरांनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी जन्मात पहिल्यांदा कुदळ हातात घेतली आणि तिसऱ्याच घावाला घरामागची नळाची पाइपलाइन फोडली. नेमकं त्या दिवशी नळाला पाणी होतं. कारंजं भिंतीच्या वर उडालं आणि ते पाहायला हिंगोलीच्या नागेश कॉलनीतली निम्मी बिऱ्हाडं गोळा झाली. शेजारचे रत्नपाल सर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि कॉलनीच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष, गच्चीवरूनच म्हणाले, "औंढेकर, कुदळ धरायची एक पद्धत असते." ती पद्धत कोणती, ते सरांनी सांगितलं नाही. सल्ला देताना सर प्रस्तावनेपाशीच थांबत; उरलेला भाग समोरच्यानं अनुभवातून शिकावा, अशी त्यांची अपेक्षा असे.

भिजलेला सदरा पिळत विश्वंभरराव घरात आले तेव्हा ताराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या. चार महिन्यांत त्या पहिल्यांदा हसत होत्या. त्यानंतर विश्वंभररावांना पाइपलाइनचं फारसं दुःख झालं नाही.

ह्या साऱ्या उपद्व्यापाला कारण झालं होतं ताराबाईंचंच एक वाक्य. हिवाळ्यात त्यांच्या घशात गाठ निघाली. नांदेडला राहून तेहतीस वेळा किरणांचा शेक घ्यावा लागला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, की गाठ गेली. आता पोटभर जेवायचं आणि वजन वाढवायचं, ते नाही वाढलं तर मात्र कठीण आहे. ताराबाई मूळच्या अंगानं भरलेल्या. परत आल्या तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या काट्यावर एकोणचाळीस किलो भरल्या. आणि मार्चमधल्या एका दुपारी त्यांनी दोडक्याच्या भाजीचा एक घास घेतला, ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, "चवच न्हाई राहिली हो भाजीला."

चौतीस वर्षं सरकारी कचेरीत लिपिक म्हणून काढलेल्या माणसाचं एक असतं. त्याला एकदा कारण सापडलं, की तो दुसरं शोधत बसत नाही. सापडलेल्या कारणावर सही घेतो आणि फाइल पुढं सरकवतो. भाजीला चव नाही, म्हणजे भाजीत दोष आहे. दोष आहे, म्हणजे खतं आणि फवारे आहेत. ते आहेत, म्हणजे भाजी घरी पिकवली पाहिजे. तिथं फाइल बंद झाली. ताटासमोर बसलेल्या बाईला पुन्हा काही विचारायचं राहून गेलं.

पुण्याहून चिन्मयनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, फोनवर व्हिडिओ पाठवले. त्यात दाढीवाला एक तरुण गुडघाभर पाचोळ्यात उभा राहून सांगत होता, की ह्याला पर्माकल्चर म्हणतात. जंगलाला कोण खत घालतं, कोण नांगरतं? जमीन उकरायची नाही, उघडी ठेवायची नाही, तण जाळायचं नाही. निसर्गाला त्याचं काम करू द्यायचं आणि आपण आड यायचं नाही. हे विश्वंभररावांनी वहीत उतरवून घेतलं आणि संध्याकाळी रत्नपाल सरांना वाचून दाखवलं.

"जमीन उकरायचीच नाही?" सरांनी विचारलं.

"अजिबात नाही."

"मग पाइप कशाला फोडला?"

जमीन न उकरण्याचा व्हिडिओ दुसरा होता आणि कुदळ त्यांनी पहिल्या व्हिडिओनंतरच आणली होती.

कनेरगाव नाक्याच्या रस्त्यावरच्या तांड्यावरून बेबीबाई रोज सकाळी दूध घालायला येई. पंधरा वर्षांचा रतीब. तिच्यापाशी विश्वंभररावांनी देशी गाईचं शेण आणि गोमूत्र मागितलं, तेव्हा तिनं मापं खाली ठेवली.

"काहून साहेब, होम करून राहिले का?"

"जीवामृत करायचंय. शेण, गोमूत्र, त्यात गूळ आणि बेसन, मूठभर माती. पाच दिवस ढवळायचं. झाडांना टॉनिक."

"गूळ न् बेसन शेनात घालता?" बेबीबाईनं आत पाहिलं. ताराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या; ब्लाउजच्या बाह्या दंडाभोवती सैल लोंबत होत्या. "त्याचे लाडू करून ताईला घाला की. तिला हाय का टानिक?"

विश्वंभररावांना हे लागलं. ते सारं ताईसाठीच चाललंय, हे तिला सांगावं असं त्यांना फार वाटलं. पण दूधवालीसमोर बायकोविषयी बोलताना त्यांचा आवाज हल्ली बरोबर राहत नसे. म्हणून ते फक्त म्हणाले, "शेण ताजं आण."

जीवामृत पाचव्या दिवशी तयार झालं आणि सहाव्या दिवशी कॉलनीला कळलं. वास असा उठला, की सरांच्या घरी आलेले पाहुणे चहा न घेता गेले. समितीकडं लेखी तक्रार आली. आता ह्यातली अडचण अशी, की समितीचे सचिव स्वतः विश्वंभररावच होते. अध्यक्षांच्या आदेशावरून सचिवानं संबंधितास नोटीस काढायची, असा नियम. तो नियम बसवलाही त्यांनीच होता. दुसरा कोणी असता तर त्यानं ड्रमवर फडकं टाकून विषय मिटवला असता. विश्वंभररावांनी टेबलाशी बसून "प्रति, श्री. वि. ना. औंढेकर, आपल्या राहत्या घरामागे उग्र दर्पयुक्त द्रव्य साठविल्याचे निदर्शनास आले असून" अशी सुरुवात करून स्वतःला पंधरा दिवसांची नोटीस काढली, जावक नोंदवहीत क्रमांक टाकला, उठून बैठकीच्या खोलीत गेले आणि तिथं ती पोच देऊन स्वीकारली. मग खुलासा लिहिला. सचिव म्हणून तो तपासला, तेव्हा सोबत नकाशा जोडलेला नाही अशी त्रुटी निघाली. खुलासा परत करावा लागला. मुदतवाढीचा स्वतःचाच अर्ज त्यांनी कारण पुरेसं नाही म्हणून फेटाळला.

हे सगळं ताराबाई पलंगावर पडून पाहत होत्या. "स्वतःला थोडी सवलत द्या की," त्या म्हणाल्या.

"मग उद्या सगळेच मागतील," विश्वंभरराव म्हणाले.

समितीच्या बैठकीत निर्णय झाला, की ड्रम हद्दीच्या भिंतीपासून चाळीस फुटांवर ठेवावा. प्लॉट तीस फूट रुंद होता. त्यामुळं ड्रम तांड्यावर बेबीबाईच्या गोठ्यात गेला आणि विश्वंभरराव आठवड्यातून दोनदा स्कूटरवर कॅन बांधून जीवामृत आणू लागले. एकदा त्यातला एक कॅन फुगून नाक्याच्या रस्त्यावर चहाच्या टपरीसमोरच फुटला. टपरीवर पाटबंधाऱ्याच्या कचेरीतले त्यांचे जुने सहकारी बसलेले होते. निरोपाच्या समारंभात ज्यांनी त्यांच्या स्वच्छ कारभारावर भाषणं केली होती, त्यांनीच नाकाला रुमाल लावून, "या ना, बसा," असं लांबूनच म्हटलं. विश्वंभरराव बसले नाहीत. पाठीवरून गोमूत्र ओघळत असताना माणसानं किती ताठ चालावं ह्याला मर्यादा असते, पण ती त्यांनी त्या दिवशी ओलांडली.

पण बाग लागली, हे खोटं नाही. सांडपाण्याच्या खड्ड्याभोवती केळी उभ्या राहिल्या. पाचोळ्याखाली गांडुळं दिसली, तेव्हा विश्वंभररावांनी ताराबाईंना हाताला धरून बाहेर आणलं आणि दाखवलं. भेंडी आली, घोसाळी आली. आणि आली म्हणजे ताराबाईंच्या ताटात आली. विश्वंभरराव समोर बसत आणि घास तोंडात जाईपर्यंत स्वतःचा घास हातात धरून ठेवत.

"कशी आहे?"

"छान हाय."

"बाजारच्यापेक्षा?"

"लईच फरक हाय," ताराबाई म्हणत आणि चार घास खाऊन पाणी पीत.

एके दिवशी भेंडीत मीठ दोनदा पडलं. विश्वंभररावांच्या जिभेला चरका बसला, पण ताराबाई शांतपणे जेवत होत्या. बायकोचा हा मोठेपणा पाहून त्यांना भरून आलं. मग त्यांनी विचार केला, की भाजीत एवढा खारटपणा येतो कुठून? वाफ्यात आपण तांड्यावरच्या चुलीची राख घालतो, राखेत क्षार असतात. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी राख बंद केली. पहिल्या तारखेला काटा पुन्हा एकोणचाळीसच म्हणाला.

तेव्हा वांगी पुढं आली. ताराबाईंचं माहेर सेनगावकडचं साखरा. त्यांच्या वडिलांच्या परसात मोठं, हिरवट जांभळ्या रेघांचं वांगं होई, आणि ते तुरीच्या तुराट्यांच्या जाळावर भाजून केलेल्या भरिताबद्दल त्या लग्नापासून बोलत आल्या होत्या. "तसं गोड वांगं मी पुन्हा खाल्लंच न्हाई," हे वाक्य विश्वंभररावांनी चाळीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं, की सासऱ्यांबद्दल त्यांच्या मनात थोडी असूया होती. बेबीबाईची बहीण रूपाबाई साखऱ्याजवळच्या तांड्यात दिलेली होती. तिच्याकडून बी आलं. मेमध्ये रोप तयार झालं, जूनमध्ये लावलं, भोवती कीड येऊ नये म्हणून कांदा आणि लसूण लावला, सगळं व्हिडिओत सांगितलं होतं तसंच. आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बारा झाडांना वांगी लटकली.

त्यांतलं पहिलं तोडून विश्वंभररावांनी ते दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात आणलं. ताराबाईंनी वांग्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं.

"अहो, चातुर्मास चालू हाय ना?"

औंढेकरांच्या घरात आषाढी एकादशीपासून कांदा, लसूण आणि वांगं बंद, ते थेट मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून सुटतं. हे विश्वंभररावांना जन्मापासून ठाऊक होतं. आयुष्यात एकसष्ट चातुर्मास त्यांनी पाळले होते. पण व्हिडिओतल्या दाढीवाल्याला ते ठाऊक नव्हतं, आणि लावणीच्या दिवसापासून विश्वंभरराव स्वतःच्या घरच्या पंचांगाऐवजी त्याच्या तक्त्यावर चालले होते. परिणामी घरामागं एक अख्खी बाग होती आणि तिच्यात, भेंडी-घोसाळी संपल्यावर, नेमके तेच तीन पदार्थ पिकले होते जे घरात चालत नव्हते.

पण आजारी माणसाला सूट असणारच. विश्वंभरराव स्कूटर काढून औंढा नागनाथला गेले. तिथं त्यांच्या घराण्याचे गुरुजी होते. गुरुजी म्हणाले, "रुग्णाला नेम नाही. निःशंक खाऊ घाला." हा निर्णय घेऊन ते परत आले.

"पण मी कुठं आजारी हाय?" ताराबाई म्हणाल्या. "गाठ गेली, बरी झाले, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. कागद तुमीच फाइलला लावलाय."

कागद खरोखरच फाइलला होता. स्वतः लावलेल्या कागदाविरुद्ध बोलणं विश्वंभररावांना जन्मात जमलं नसतं.

"चंपाषष्ठीला खाईन ना," ताराबाई म्हणाल्या. "झाड ठेवा तवर."

त्या हंगामातली वांगी तांड्यावर गेली आणि रत्नपाल सरांकडं गेली. सरांना चातुर्मास नव्हता. रोज संध्याकाळी ते गच्चीवरून सांगत, "औंढेकर, काय भरीत होतं! साखर, नुसती साखर!" बेबीबाई म्हणाली, "अख्ख्या तांड्यानं वरपलं, साहेब. लई गोड." आपल्या वांग्याची चव दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायची पाळी आली, तरी विश्वंभररावांना त्यात आनंद होता. वांगं गोड आहे, ते साखऱ्याचंच आहे, आणि ते तारा खाणार आहे. फक्त तारीख पुढची होती. पुढच्या तारखा सांभाळणं हेच तर त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

सप्टेंबरात त्यांनी झाडं छाटली. नवे फुटवे आले, पुन्हा फुलं धरली. आणि ऑक्टोबरात वानरांची टोळी आली. विश्वंभरराव त्या वेळी औषधाच्या दुकानात ताराबाईंना काट्यावर उभं करून होते. काटा साडेअडतीस म्हणाला. परत आले तेव्हा बागेत केळीचं एकही पान धड उरलं नव्हतं आणि वांग्याची अकरा झाडं मुळासकट उपटलेली होती. रत्नपाल सरांनी सगळं गच्चीवरून पाहिलं होतं. "मी हाकलणार होतो," ते म्हणाले, "पण निसर्गाच्या आड यायचं नाही असं तुम्हीच म्हणाला होता."

विश्वंभरराव पाचोळ्यात बसले. साडेअडतीस हा आकडा त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. बागेचं त्यांना काही वाटेना; ही बाई डोळ्यांसमोर झिजत चालली आहे आणि आपण शेणाचे कॅन वाहतोय, हे त्यांना पहिल्यांदा सरळ दिसलं आणि त्यांना भीती वाटली. ताराबाई हळूहळू चालत त्यांच्यामागं आल्या. त्यांनी वाकून केळीच्या मागं पाहिलं.

"एक राहिलंय हो," त्या म्हणाल्या.

एक झाड राहिलं होतं आणि त्याला एक वांगं होतं.

त्या वांग्याची पुढं जी बडदास्त ठेवली गेली, ती कॉलनीत कुणा जावयाचीही झाली नसेल. झाडाला चार बाजूंनी काठ्या, त्यावर मच्छरदाणी. दिवसातून तीनदा पाहणी. दिवाळीपर्यंत वांगं नारळाएवढं झालं, तुकतुकीत आणि जड. बेबीबाईनं मच्छरदाणीत हात घालून ते दाबून पाहिलं.

"साहेब, आज तोडा. आता जून होऊन राहिलं. बी धरलं का कडू होतं ते."

"चंपाषष्ठीला महिना आहे अजून."

"वांग्याला चंपाषष्ठी काय कळती? ताईला आज भाजून घाला. देवाला म्या सांगते."

"नैवेद्याच्या आधी नाही," विश्वंभरराव म्हणाले. "ठरलेली तारीख आहे."

बेबीबाईनं कपाळाला हात लावला आणि दुधाची मापं उचलली. पुढच्या महिन्यात वांग्याचा जांभळा रंग उतरून त्यावर पिवळी झाक आली. विश्वंभरराव म्हणाले, पिकलं. रत्नपाल सर म्हणाले, वांगं पिकण्याची एक पद्धत असते.

चंपाषष्ठीला सकाळी अंघोळ करून, सोवळं नेसून विश्वंभररावांनी वांगं तोडलं. बेबीबाईनं तांड्यावरून गेल्या वर्षीच्या तुराट्यांची पेंडी आणली होती. परसात तीन विटा मांडून तिनंच जाळ केला. ताराबाई पाटावर बसून सांगत होत्या, आता फिरवा, आता देठाकडून, तशी साल सुटू द्या. कित्येक दिवसांनी त्यांच्या आवाजात असा जोर होता. भरीत झालं, पातीचा कांदा पडला, ठेचलेला लसूण पडला, वर तेलाची फोडणी. बाजरीचे रोडगे झाले. खंडोबाच्या टाकांना भंडारा वाहून नैवेद्य दाखवला. सोवळ्यातलं अन्न म्हणून नैवेद्याआधी कोणी चाखून पाहायचा प्रश्नच नव्हता.

मग पद्धतीप्रमाणं पहिलं पान कुत्र्याला. कॉलनीतलं तांबडं कुत्रं धावत आलं, रोडगा खाल्ला, भरिताला नाक लावलं आणि निघून गेलं.

"पोट भरलं असेल," रत्नपाल सर म्हणाले. ते जेवायला बोलावलेले होते. बेबीबाईलाही थांबवून घेतलं होतं. "चौथ्या घरी नैवेद्य खाऊन आलंय ते."

ताराबाईंना आधी वाढलं. बाकीच्यांची पानं समोर होती, पण कोणी हात लावला नाही. सहा महिने ज्यांनी ह्या वांग्यावर बोलून घेतलं होतं ते सगळे गप्प बसून त्यांच्याकडं पाहू लागले. ताराबाईंनी रोडग्याचा तुकडा मोडला, भरितात बुडवला, तोंडात घातला. सावकाश चावला. डोळे मिटले.

"अगदी साखऱ्यासारखं," त्या म्हणाल्या. "तसंच गोड."

विश्वंभररावांनी श्वास सोडला. त्यांना वाटलं, आता काटा हलेल. मार्चपासूनचं सगळं, तो फुटलेला कॅन, ती नोटीस, ती वानरं, सगळं सार्थकी लागलं. आणि त्यांनी स्वतःचा घास घेतला.

वांगं कडू होतं. साधं कडू नव्हे; कडुनिंबाचा पाला वाटून खाल्ल्यासारखं कडू. लसूण, कांदा, फोडणी कशानंही ते झाकलं नव्हतं. त्यांनी मान वर केली. रत्नपाल सरांचा जबडा अर्ध्यात थांबला होता. बेबीबाईनं घास गालात धरला होता आणि ती एकटक ताराबाईंकडं पाहत होती. ताराबाई दुसरा घास मोडत होत्या, तिसरा मोडत होत्या. कपाळावर आठी नाही, पाण्याकडं हात नाही.

मग बेबीबाईनं घास गिळला. "गोड हाय, ताई," ती म्हणाली. "लई गोड."

"उत्तम," सर म्हणाले, आणि त्यांनी पान पुसून खाल्लं. बेबीबाईनंही खाल्लं. विश्वंभररावांनी खाल्लं. ताराबाईंनी आग्रह केला तेव्हा सरांनी पुन्हा वाढूनही घेतलं. हात धुऊन ते दारापर्यंत गेले, चपला घातल्या, विश्वंभररावांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि घरी गेले. बेबीबाई भांडी घासते म्हणाली आणि ताराबाईंनी नको म्हटलं तेव्हा डोळे पुसत तांड्याकडं निघाली.

दोघंच उरले. दुपारचं ऊन परसातल्या पाचोळ्यावर पडलं होतं.

"अहो," ताराबाई म्हणाल्या, "कडू होतं ना?"

"छे, छे."

"रत्नपाल सर एकही सल्ला न देता गेले. तवाच कळलं मला."

विश्वंभररावांचा हात अजून खरकटाच होता.

"मला कळतच न्हाई काही," ताराबाई म्हणाल्या. "कडू न्हाई, गोड न्हाई, खारट न्हाई. शेक घेतल्यापासून. नांदेडला शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, जिभेची चव गेली ती परत येईलसं वाटत न्हाई. तुमी तवा खिडकीवर होता, कागदावर शिक्का घ्यायला."

विश्वंभररावांना ती खिडकी आठवली. पहिला शिक्का पुसट उठला होता. तो चालणार नाही म्हणून हुज्जत घालून त्यांनी दुसऱ्यांदा मारायला लावला होता आणि खुशीत परत आले होते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगाया लागलेच होते की. चवच न्हाई राहिली म्हटलं, तर तुमी दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन आला." त्या जराशा हसल्या. "दवाखान्यात तुमचा चेहरा बघवत नव्हता मला. कुदळ घेतली अन् माणसासारखा दिसाया लागला. मग कशी सांगू?"

"आणि तो नेम? चातुर्मासाचा?"

"तो मोडला असता मी. गुरुजींनी सांगितलंच होतं. पण वांगी ऑगस्टात खाल्ली असती, अन् वजन न्हाईच वाढलं असतं, तर मग काय केलं असतं तुमी? चंपाषष्ठीपर्यंत तुमाला काम राहिलं."

विश्वंभरराव औंढेकरांना रडू आलं. चौतीस वर्षांत वरिष्ठांसमोर आलं नव्हतं, नांदेडला आलं नव्हतं, ते आता खरकट्या हातानं, सोवळ्यात बसून आलं. ताराबाईंनी ते येऊ दिलं. थांबल्यावर त्यांनी तांब्या पुढं केला.

"थोडं उरलंय ना भरीत?"

"टाकून देतो."

"टाकू नका. खा अन् मला सांगा कसं लागतं ते. मी जेवते म्हंजी नुसती भिंत लिंपल्यागत वाटतं. तुमी सांगितलं तर आठवंल मला. पण खोटं न्हाई सांगायचं."

विश्वंभररावांनी पातेलं ओढलं, बोटभर भरीत घेतलं, तोंडात घातलं आणि सवयीनं ताठ बसले.

"प्रथम धूर लागतो," ते म्हणाले. "तुराट्यांचा. नाकात जातो."

"हं."

"मग लसूण. जिभेच्या टोकाला झोंबतो जरा. मग पातीचा कांदा, तो करकरीत आहे. मीठ किंचित जास्त झालंय."

"अन् वांगं?"

"कडू आहे, तारा. फार कडू आहे."

"कशावाणी? कारल्यावाणी का मेथीवाणी?"

हा विचार त्यांनी केला नव्हता. खात्री करण्यासाठी त्यांनी आणखी एक घास घेतला, डोळे मिटून तो सगळ्या जिभेवरून फिरवला आणि गिळल्यावरही थोडा वेळ थांबले.

"मेथीसारखं," ते म्हणाले. "आधी कळत नाही. मागाहून येतं, घशाशी."

"मेथी तर मला आवडती," ताराबाई म्हणाल्या. त्यांनी पातेलं आपल्याकडं ओढलं, रोडग्याचा तुकडा मोडून त्यात बुडवला आणि तोंडात घातला.

"हं," त्या म्हणाल्या, "आता पुन्हा पहिल्यापासून सांगा."